तोरा, बायबल, कुराण: एक धर्म, एक पुस्तक, दोन पंथ?

काळी_माती (लातूर)

आमच्याकडं स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये एक तक्ता फिरतो. तीन ओळींचा. यहुदी, तोरा, पंथ दोन. ख्रिस्ती, बायबल, पंथ दोन. इस्लाम, कुराण, पंथ दोन. पाठ करायला सोपा आणि चार पर्यायांतून एक निवडण्यापुरता पुरतोही. पण त्यातून पोरांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसते, की पुस्तकावरून वाद झाला म्हणून पंथ पडले. मी इतिहास शिकवतो, आणि मला हे बहुतेक ठिकाणी उलटं दिसतं. पुस्तक दोन्हीकडं जवळजवळ तेच असतं. भांडण लागतं ते त्या पुस्तकाचा अर्थ सांगायचा हक्क कुणाला, यावरून.

यहुद्यांपासून धरू. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. पण यहुद्यांचं शास्त्र पाचावर थांबत नाही. तोरा, त्यापुढं नबीईम म्हणजे संदेष्टे, त्यापुढं कतुवीम म्हणजे बाकीचं लेखन: स्तोत्रं, नीतिसूत्रं, ईयोब, रूथ, एस्तेर, दानीएल वगैरे. तिन्ही मिळून तनाख, एकूण २४ पुस्तकं. ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात तो प्रोटेस्टंट बायबलात ३९ पुस्तकांचा. पोरं लगेच म्हणतात, सर, पंधरा घुसवली. एकही घुसवलेलं नाही. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन-दोन भाग केले, एज्रा आणि नहेम्या सुटे केले, आणि यहुदी ज्या बारा लहान संदेष्ट्यांना मिळून एक पुस्तक धरतात ते बारा वेगवेगळे मोजले. बेरीज करून पाहा, बरोबर पंधरा भरतात.

मजकूर तोच राहिला, पण क्रम बदलला, आणि गंमत तिथं आहे. छापील तनाखच्या शेवटी बहुधा 'इतिहास' येतं. त्याची अखेर इराणचा राजा कोरेश यहुद्यांना यरुशलेमला परत जायची मोकळीक देतो, तिथं होते. ख्रिस्ती जुन्या करारात शेवटी मलाखी येतो. त्यात एलीया हा जुना संदेष्टा पुन्हा येणार असं सांगितलंय, आणि पान उलटलं की मत्तयचं शुभवर्तमान, ज्यात बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो एलीया असं येशू सांगतो. एका वाचकाला पुस्तक घरी परत चला म्हणतं, दुसऱ्याला कुणीतरी येतंय म्हणतं. मूळ मजकुराला कुणी हात लावलेला नाही.

पण निव्वळ तनाखवर यहुदी धर्म चालत नाही. शब्बाथला काम करू नये हे तोरात आहे, काम कशाला म्हणायचं हे फारसं नाही. ते तोंडी परंपरेत होतं. इ. स. २०० च्या सुमारास यहूदा हानासी यांनी ही परंपरा मिश्नामध्ये बांधली. त्यावर पुढच्या पिढ्यांनी केलेली चर्चा म्हणजे गेमारा. दोन्ही मिळून तालमूद. तालमूद दोन आहेत, एक पॅलेस्टाइनमधला आणि एक बाबिलोनचा. बाबिलोनचा मोठा आणि जास्त वजनाचा, साधारण सहाव्या शतकात आकाराला आला. आठव्या शतकात बगदादेकडं एक गट उभा राहिला, पुढं त्यांना कराईट म्हणू लागले. त्यांचं म्हणणं असं, की तनाख मानतो, रब्बींची म्हणजे धर्मपंडितांची तोंडी परंपरा मानत नाही. त्यांच्याही कितीतरी आधीपासूनचे शोमरोनी. ते फक्त पाच पुस्तकं मानतात, आणि त्यांचा पवित्र डोंगर यरुशलेमचा नाही, गरिज्जीम. आज ते हजाराच्या आत उरलेत, पण आहेत.

तक्त्यातले "पंथ दोन" कुठून आले, देव जाणे. आजचे मोठे प्रवाह ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सुधारणेची हवा आली, त्यातून हे फुटले. तिघांचा तनाख एकच. वाद हा, की धर्मशास्त्राचे नियम आजही जसेच्या तसे बांधील आहेत का. अश्केनाझी आणि सेफार्दी हे तर पंथच नव्हेत, ती प्रदेशांवरून आणि रीतींवरून पडलेली विभागणी आहे. कित्येक मार्गदर्शकांत ती पंथ म्हणून छापलेली असते.

ख्रिस्त्यांत मात्र पुस्तकांची संख्या खरंच वेगळी आहे. प्रोटेस्टंट ६६, कॅथलिक ७३. नवा करार दोघांचा २७ पुस्तकांचाच. ही सत्तावीसची यादी इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या पत्रात जशीच्या तशी सापडते. फरक जुन्या करारात. तोबित, यहुदिथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन, ही सात कॅथलिक बायबलात जास्त आहेत, शिवाय एस्तेर आणि दानीएलमध्ये काही भर. ही पुस्तकं ख्रिस्तपूर्व काळातल्या यहुद्यांच्या ग्रीक भाषांतरपरंपरेत होती, हिब्रू तनाखात नव्हती. ल्यूथरनं ती फाडून फेकली असं सर्रास सांगतात. तसं नाही. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मध्ये वेगळी छापलेली आहेत, वाचायला चांगली पण शास्त्राच्या तोडीची नाहीत अशा सूचनेसह. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ती होती. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीनं १८२६ च्या सुमारास ती छापायचंच सोडलं, म्हणून आपल्याकडं मिशनच्या हातून आलेल्या मराठी बायबलात ती दिसत नाहीत. उलट इथिओपियाच्या जुन्या चर्चचं बायबल ८१ पुस्तकांचं!

इथंही क्रम बघा. ल्यूथरचा झगडा १५१७ मध्ये पापक्षमापत्रांवरून पेटला. पुस्तकांची यादी पक्की करणारा कॅथलिकांचा ट्रेंटचा ठराव १५४६ चा. आधी फूट, मग यादी.

इस्लामबद्दल इथं माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत, म्हणून एवढंच मांडतो: सुन्नी आणि शिया यांचं कुराण एकच आहे, ११४ सुरा. फूट पडली ती ६३२ मध्ये पैगंबर गेल्यावर पुढारपण कुणाकडं, यावरून. बाकी तुम्ही बोला.

तिसरा_बाक

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण सर, पेपरात "यहुदी धर्माचा धर्मग्रंथ कोणता" आला तर काय गोल करू?

काळी_माती

पर्यायात तोरा असेल तर तोरा. मार्क घे, मग इथं येऊन भांड.

दोन_घंटा (जालना)

लेख आवडला, पण मुख्य मुद्दा पूर्ण पटला नाही.

ख्रिस्ती मंडळीतल्या पहिल्या मोठ्या फुटी हक्कावरून झालेल्या नाहीत. ३२५ ची निकेयाची परिषद पुत्र पित्याच्या बरोबरीचा की निर्माण केलेला, या प्रश्नावर भरली. ४५१ च्या खल्केदोनच्या परिषदेत प्रश्न होता, ख्रिस्तामध्ये देवपण आणि माणूसपण कसं नांदतं. त्यावरून इजिप्तची कॉप्टिक, अर्मेनियाची, सीरियाची जुनी मंडळी वेगळी झाली ती आजवर. केरळातले मलंकरा ऑर्थोडॉक्स त्याच कुळीतले. या माणसांना येशू कोण हे खरोखर महत्त्वाचं वाटत होतं. सगळं गादीच्या भांडणात ओढलं की श्रद्धेचा प्रश्न हरवतो. १०५४ ला रोम आणि कॉन्स्टँटिनोपल फुटले तिथं मात्र तुमचं म्हणणं लागू होतं: पोपचा अधिकार हा मुद्दा होताच, आणि पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, या श्रद्धेच्या जाहीरनाम्यातल्या ओळीत पश्चिमेनं "आणि पुत्रापासून" हे शब्द घातले, तेही सर्वांना न विचारता.

आता घरचं सांगतो. माझं घराणं जुन्या स्कॉटिश मिशनच्या मंडळीतलं. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तो आमच्याकडचा इतिहास. बायको कॅथलिक, तिचं माहेर संभाजीनगरचं. घरात दोन मराठी बायबलं आहेत, एक जाड, एक बारीक. मुलीला शाळेत दहा आज्ञांवर निबंध होता. तिनं आईला विचारलं, सहावी आज्ञा कोणती? आई म्हणाली, व्यभिचार करू नको. मी म्हणालो, खून करू नको. पोरगी दोघांकडं बघतच राहिली. दोघंही बरोबर होतो. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात मजकूर आहे, त्यावर आकडे घातलेले नाहीत. कॅथलिक आणि ल्यूथरन मूर्ती करू नको हे पहिल्या आज्ञेत धरतात आणि लोभाच्या दोन आज्ञा करतात. आम्ही मूर्तीची वेगळी मोजतो आणि लोभाची एकच. यहुदी तर "मी तुझा देव परमेश्वर आहे" या वाक्यालाच पहिलं वचन धरतात. दहाच्या दहा, पण तीन मोजण्या. तुमच्या तक्त्यात हे कुठं बसवणार?

आणि फुटीच्या यादीत जोडणीही लिहा की. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, सगळे एका छपराखाली. बिशप हवा की नको, बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी, या प्रश्नांवर युरोपात काय काय झालंय ते ठाऊक असणाऱ्याला ही साधी गोष्ट वाटणार नाही.

काळी_माती

निकेयाबद्दल मान्य, तिथं मतच मुळात वेगळं होतं. पण पुत्र निर्माण केलेला म्हणणारा आरियस आणि त्याचा विरोधक अथनेशियस, दोघं पुरावे देत होते ते त्याच शास्त्रातले, हेही बघा. पुस्तकानं निवाडा होईना म्हणून तर परिषद बोलवावी लागली, आणि ती बोलावली बादशहा कॉन्स्टंटाइननं. हक्काचा प्रश्न मागच्या दारानं आलाच.

दहा आज्ञांचा किस्सा उद्या वर्गात सांगणार.

दुधनाकाठ (परभणी)

सरांनी आमच्यावर सोपवलंय तर लिहितो. लांबेल जरा.

कुराण ११४ सुरा, पढण्याच्या सोयीसाठी तीस पारे. क्रम उतरला तसा नाही. फातिहा ही पहिली छोटी सुरा सोडली तर साधारण मोठ्या सुरा आधी, लहान शेवटी. म्हणून मकतबात, म्हणजे कुराण शिकायच्या शाळेत, पोरं शेवटच्या पाऱ्यापासून सुरुवात करतात, लहान सुरा लवकर पाठ होतात. पहिले खलिफा अबू बकर यांच्या काळात झैद बिन साबित यांनी लिखाण गोळा केलं, आणि तिसरे खलिफा उस्मान यांनी ६५० च्या आसपास एक प्रत प्रमाण ठरवून तिच्या नकला मोठ्या शहरांत धाडल्या. शियाही तेच कुराण पढतात. त्यांचं कुराण वेगळं असतं, त्यात चाळीस पारे असतात, असल्या गोष्टी मीही लहानपणी ऐकल्यात. कोणत्याही शिया घरात जाऊन कुराण उघडा, तीसच निघतील.

ग्रंथ वेगळे होतात ते हदीसपाशी. पैगंबर काय बोलले, काय केलं, याच्या आठवणी. सुन्नींकडं सहा संग्रह मोठे मानतात: बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिझी, नसाई, इब्न माजा. शियांकडं चार, त्यात कुलैनींचा अल-काफी सर्वांत नावाजलेला. शियांच्या दृष्टीनं पैगंबरांच्या घराण्यातल्या इमामांचं बोलणंही हदीसच. म्हणजे सरांचा मुद्दा इथं चपखल बसतो. कुणाच्या साक्षीवर भरवसा ठेवायचा, हा प्रश्न.

शियांतल्या फुटी तर सरळ वारसाच्या. सहावे इमाम जाफर सादिक ७६५ मध्ये गेले. त्यांच्यानंतर मूसा काझिम यांना मानणारे पुढं बारा इमामवाले झाले, इस्माईल यांची शाखा मानणारे इस्माईली. संभाजीनगरात जे बोहरा व्यापारी दिसतात ते या दुसऱ्या शाखेतले. खोजेही तिथलेच, पण त्यांचे इमाम आगाखान.

तक्त्यात "सुन्नी" लिहून मोकळे होतात, तिथंच खरी गर्दी आहे. चार फिकह, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरा: हनफी, शाफई, मालिकी, हंबली. हे भांडणारे पंथ नव्हेत, चौघं एकमेकांना बरोबर मानतात. मराठवाड्यात आम्ही बहुतेक हनफी. कोकणातले मुसलमान शाफई, कारण तिकडं दर्यावरून अरब व्यापारी आले. माझी चुलत बहीण रत्नागिरीला दिली. तिथं नमाजात रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलतात, हिला सुरुवातीला चुकल्यासारखं व्हायचं. आता माहेरी आली की इथं चुकल्यासारखं होतं.

आमच्या मोहल्ल्यात दोन मशिदी आहेत. दोन्ही हनफी, दोन्हीकडं तेच कुराण, तीच सहा हदीसची पुस्तकं. एकीत जुम्याच्या नमाजनंतर उभं राहून सलाम म्हणतात, दुसरीत म्हणत नाहीत. एकीतले उरुसाला जातात, दुसरीतले नाक मुरडतात. बरेलवी आणि देवबंदी. देवबंदचा मदरसा १८६६ चा, बरेलीचे अहमद रझा खान त्याच पिढीच्या आगेमागे, म्हणजे हे सगळं कालपरवाचं. आणि त्यात तिसरे अहले हदीस. ते म्हणतात चार फिकहांचे चार इमाम कशाला, थेट कुराण आणि हदीसला विचारा. सरांनी वर कराईट सांगितले ते वाचताना मला आमचे अहले हदीसवाले भाऊच आठवले.

काळी_माती

हेच मला लिहायचं राहिलं होतं! कराईट, ल्यूथर, अहले हदीस. काळ वेगळा, धर्म वेगळा, हाक तीच: मधले लोक बाजूला करा आणि मुळाला विचारा. आणि थोड्या दिवसांनी प्रत्येकाच्या मुळाच्या अर्थाचे स्वतःचे जाणकार तयार होतात.

दुधनाकाठ

भाऊंना हे दाखवतो. चिडतील, पण चहा पाजतील.

पाठभेद (पैठण)

हदीसबद्दल वाचून राहवलं नाही. आम्ही महानुभाव. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडं गावोगाव जाऊन विचारलं, खात्री केली, मग लिहिलं. साधारण १२८० च्या आसपास. पुढं धामधुमीत मूळ पोथी गेली आणि पाठ असलेल्यांच्या आठवणीवरून ती पुन्हा उभी केली, म्हणून आमच्याकडं पाठभेद. हदीस वेगळं काय आहे? कुराणाचंही तसंच झालं असणार.

दुधनाकाठ

हदीसपुरतं एकदम बरोबर. तिथं प्रत्येक आठवणीसोबत साखळी लिहितात: अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं फलाण्याकडून. मग साखळीतला एकेक माणूस तपासतात. तो खरा बोलायचा का, त्याची याद पक्की होती का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का. नुसत्या माणसांची चरित्रं तपासणारं एक वेगळं शास्त्रच उभं राहिलं. बुखारींनी लाखो आठवणींतून निवडून पुनरुक्ती धरून सात हजारांच्या आसपास ठेवल्या, असं परंपरा सांगते. ते वारले ८७० मध्ये, म्हणजे पैगंबरांनंतर दोनशेच्या वर वर्षांनी. म्हाइंभटांना पाहिलेली माणसंच भेटली, हा त्यांचा मोठा फायदा.

कुराणाला मात्र हे लावू नका. मुसलमानाच्या दृष्टीनं कुराण ही कुणाची आठवण नाही, ते शब्दच अल्लाहचे. हदीस कमजोर आहे असं मौलाना मशिदीतल्या मिंबरावरून, म्हणजे प्रवचनाच्या जागेवरून, सांगू शकतात. आयत कमजोर आहे असं कुणी म्हणणार नाही.

पाठभेद

हे ध्यानात आलं. मग एक जोड सुचते. आमच्या पैठणात नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून शुद्ध प्रत केली आणि पुढं कुणी त्यात स्वतःची ओवी घालू नये म्हणून बजावलं. उस्मान खलिफांनी केलं ते याच जातीचं काम ना?

दोन_घंटा

मध्येच बोलतो. हेतू सारखा, पण अंतर बघा. उस्मान पैगंबरांचे सोबती आणि जावई, वीसेक वर्षांतच काम झालं. नाथ आणि ज्ञानदेव यांच्यात तीनशे वर्षं. आणि खलिफाच्या हातात राज्य होतं, त्यानं बाकीच्या प्रती नष्ट करायला लावल्या. नाथांकडं फक्त लोकांचा विश्वास.

शनिवार_तेली (मूळ रायगड, सध्या संभाजीनगर)

एवढी यहुदी चर्चा चाललीय आणि आमची कुणाला आठवणच नाही! आम्ही बेने इस्रायल. आडनावाच्या शेवटी कर, गावावरून. कोकणात तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. नोकरीमुळं इकडं येऊन राहिलोय. गुरुवारी सहकाऱ्यांना सांगतो की शनिवारी मला फोन करू नका. तरी करतात.

सरांच्या मुद्द्याला आमचं उदाहरण आडवं जातं. आमच्या पूर्वजांकडं अठराव्या शतकापर्यंत पुस्तकच नव्हतं. तोराची गुंडाळी नव्हती, तालमूदचा पत्ता नव्हता, हिब्रू येत नव्हतं. होतं काय? शब्बाथ, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवल्याचाच मासा खाणं, काही उपास आणि "शेमा इस्राएल" (हे इस्राएला, ऐक) एवढं एक वचन. तेच लग्नात, तेच मयतीला. तेवढ्यावर समाज टिकला. पुढं कोचीनचे यहुदी शिकवायला आले. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर बांधलं. आणि जुना करार आमच्या हातात मराठीत आला तो मिशनऱ्यांच्या कृपेनं! जॉन विल्सन साहेबांनी १८३२ मध्ये आमच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. त्यांना वाटलं, शास्त्र वाचतील म्हणजे ख्रिस्ती होतील. आमचे लोक शास्त्र वाचून आणखी पक्के यहुदी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तर आमच्यात योसेफाच्या आणि मोशेच्या आख्यानांवर कीर्तनं होऊ लागली, पेटी-तबल्यावर, ओव्या-साक्यांसह.

आणि हक्काचा प्रश्न आमच्याही वाट्याला आलाच. इस्रायलला गेल्यावर तिथल्या काही रब्बींनी विचारलं, तुमचे घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, नाहीतर आमच्यात लग्न लावता येणार नाही. आमच्या लोकांनी तिथं आंदोलन केलं. १९६४ मध्ये आम्ही पूर्ण यहुदी असल्याचं जाहीर झालं. तनाख त्यांचाही तोच होता.

तिसरा_बाक

हे तर कुठल्याच नोट्समध्ये नाही. +१

उगाच_एक

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे.]

संपादक

धागा पुस्तकांचा आणि पंथांचा आहे. कोणाला कुठं पाठवायचं याचा नाही. पुढचा असा प्रतिसाद आला तर खातं बंद होईल.

दोन_घंटा

दुधनाकाठ, एक विचारायचं राहून गेलं. कुराणात तौरात, जबूर, इंजील यांचा आदरानं उल्लेख येतो. ती म्हणजे आमच्या हातातलं बायबलच का? आणि बलिदानाची गोष्ट. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम इसहाकाला घेऊन जातो. तुमच्याकडं इस्माईल.

दुधनाकाठ

तौरात मूसांना (तुमचे मोशे), जबूर दाऊदांना (दावीद), इंजील ईसांना (येशू), हे कुराण सांगतं आणि त्यांवर ईमान ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे. आज छापलेली पुस्तकं जशीच्या तशी तीच आहेत असं मात्र मुसलमान मानत नाहीत. पुढं त्यात बदल झाले, असं म्हणतात. शब्द बदलले की अर्थ वाकवला, यावर जुन्या आलिमांत म्हणजे धर्मपंडितांतही दोन मतं आहेत. शिवाय आमच्या कल्पनेत इंजील ही ईसांवर उतरलेली एक किताब. तुमची शुभवर्तमानं चार, आणि ती ईसांबद्दल इतरांनी लिहिलेली. जोड नेमकी लागत नाही ती इथं.

बलिदानाबद्दल: कुराणात ती गोष्ट सदतिसाव्या सुरेत आहे आणि मुलाचं नाव दिलेलंच नाही. सुरुवातीच्या भाष्यकारांत काही इसहाक म्हणणारेही होते. पुढं इस्माईल हे मत पक्कं झालं. बकरी ईदला आमच्याकडं लहान पोरालाही विचारलं तर तो इस्माईलच सांगेल.

बालाघाट (बीड)

मी या विषयातला नाही, पण मोहरमचं एक कोडं लई दिवसांपासून आहे. आमच्या गावात एकही शिया घर नाही. तरी मोहरमला सवाऱ्या बसतात, पंजे उठतात, कत्तलच्या राती अलाव्याभोवती अख्खं गाव नाचतं. सवारी धरायचा मान एका मराठ्याच्या घराकडं, दुसरा मातंगाच्या. माझी आजी नवसाचे चोंगे करायची. हे शियांचं असेल तर सुन्नी आणि हिंदू का करतात? आणि दहाव्या दिवशी गावातले काही मुसलमान शरबत वाटतात आणि काही जणांचा त्याच दिवशी रोजा असतो, ते शरबतला हात लावत नाहीत. हे काय?

दोन_घंटा

अवांतर: चोंग्यांची पाककृती टाका.

दुधनाकाठ

पहिलं आधी. दख्खनचे कुतुबशाही सुलतान शिया होते, आदिलशाही आणि निजामशाहीतलेही बरेच. अलम म्हणजे निशाणं बसवायची रीत त्यांच्या काळात रुजली. नंतर आसफजाही निजाम सुन्नी असूनही त्यांनी हैदराबादेत ती चालू ठेवली, आणि मराठवाडा १९४८ पर्यंत त्यांच्याच राज्यात. गावात ती पीराची जत्रा म्हणून मुरली, पंथ विचारून कुणी आलं नाही. आमच्यातले देवबंदी आणि अहले हदीस याला नापसंत करतात, आणि हल्ली बऱ्याच गावांत त्यावरून कुरबुर असते. खुद्द शिया घरांत हा नाचण्याचा दिवस नाही. तिथं मजलिस (शोकसभा) आणि मातम (छाती पिटून शोक). ६८० मध्ये करबल्यात इमाम हुसैन आणि त्यांचे सोबती पाण्यावाचून मारले गेले. शरबत आणि पाणी वाटतात ते त्यासाठी.

आता रोजा. तो करबल्याच्या आधीचा आहे. बुखारीत हदीस आहे: पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथले यहुदी या दिवशी उपास करत होते. विचारलं तर म्हणाले, आज मूसांची आणि त्यांच्या लोकांची फिरऔनच्या (मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या राजाच्या) हातून सुटका झाली. पैगंबर म्हणाले, मूसांवर आमचा हक्क तुमच्याहून जास्त. आणि त्यांनी स्वतः रोजा ठेवला, लोकांनाही सांगितलं. पुढं रमजानचे रोजे फर्ज म्हणजे बंधनकारक झाल्यावर हा ऐच्छिक राहिला. यहुद्यांची नक्कल नको म्हणून दहावीला नववीची जोड द्यावी, असंही सांगितलंय. शियांच्या हदीसमध्ये मात्र या दिवशी सणासारखा रोजा धरू नये असं येतं, ते दुपारपर्यंत अन्नपाणी टाळतात. म्हणजे तुमच्या गावात एकाच तारखेला रोजेवाला मूसांची सुटका पाळतोय आणि शरबतवाला हुसैनची तहान.

शनिवार_तेली

मदिनेचे यहुदी कोणता उपास करत असतील यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण बरेच जण योम किप्पूरकडं बोट दाखवतात. तोही दहावीलाच, तिश्री महिन्याच्या. फक्त मिसरमधून सुटका हा आमच्याकडं त्या दिवसाचा विषय नाही, तो पेसाखचा, सहा महिने आधी. योम किप्पूर पापक्षमेचा.

आता या दोन दहाव्या एकत्र येणं अवघड झालंय. आमच्या पंचांगात हिंदू पंचांगासारखाच अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा, म्हणून पेसाख दरवर्षी वसंतातच येतो. इस्लामी वर्षात तो नाही.

दुधनाकाठ

नाही, कारण कुराणात नवव्या सुरेतल्या सदतिसाव्या आयतीत महिने पुढंमागं सरकवायला मनाई आहे. म्हणून आमचं वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागं येतं आणि साधारण तेहेतीस वर्षांत पूर्ण फेरी होते. बालाघाट, तुमच्या आजीनं चोंगे भर पावसातही तळले असतील आणि ऐन उन्हाळ्यातही.

बालाघाट

पाककृती आईला विचारून टाकतो. गूळ आणि बडीशेप असते एवढं नक्की.